पक्क्या इमारतीचे कच्चे कागद

हे प्रदर्शन इमारतींचं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा पाहायची असेल तर पेडर रोडने जाताना कंबाला हिलच्या बाजूला मान वर करावी. त्यांचीच बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज वसाहत पाहायची असेल तर हार्बर लाइनची गाडी पकडून सीबीडी बेलापूरला उतरावं. तिथं उभं राहून जे कळतं ते फोटोतून कळायचं नाही, फोटो कितीही मोठा छापला तरी. इथं मांडलंय ते त्याच्या आधीचं. एका प्रश्नाची किती उत्तरं निघू शकत होती, त्यातली कोणती बाद झाली, ती उन्हापावसाने बाद केली, पैशाने की इंजिनिअरने, आणि उरलेलं उत्तर कागदावरून जमिनीवर येताना त्याचं काय झालं, एवढाच या प्रदर्शनाचा विषय आहे.

ऐकायला सोपा वाटतो. मांडायला बसलं की घाम फुटतो. इमारत सगळ्यांना दिसते. ती कशी ठरत गेली हे कुणालाच दिसत नाही. चित्रकाराची स्केचबुकं काचेखाली उघडून ठेवता येतात आणि त्यातून बरंच काही समजतं. वास्तुविशारदाच्या कचेरीत मात्र निम्मे निर्णय फोनवर होतात, काही साइटवर चहा घेता घेता होतात, काही महापालिकेत फाइल अडकली म्हणून होतात. कागदावर उतरतो तो निर्णयाचा परिणाम. खिडकी दोन फूट सरकली हे ड्रॉइंगमध्ये दिसतं. का सरकली हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणजे प्रक्रियेचं प्रदर्शन करायचं तर जे कागदावर नाही त्याचाच माग काढावा लागतो.

वास्तुकलेची प्रदर्शनं आपल्याकडे होतच नाहीत असं नाही. 2016 च्या सुरुवातीला राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे प्रदर्शन मांडलं. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वास्तुकलेचा सगळा पट जुन्या कावसजी जहांगीर हॉलच्या अर्धगोल मजल्यांवरून चढत चढत पाहता आला. पट एवढा मोठा असला की एका इमारतीच्या वाट्याला फार तर एखादं पॅनल येणार. त्यात गैर काही नाही, त्या प्रदर्शनाचं कामच निराळं होतं. त्याआधी 2013 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सने चार्ल्स कोरियांवर प्रदर्शन भरवलं. कोरियांनी आपली सहा हजारांहून अधिक ड्रॉइंगं त्या संस्थेला दिली, त्या निमित्ताने. प्रदर्शनाची रचना डेव्हिड अजाये यांची होती आणि शीर्षकात कोरियांना भारताचा सर्वश्रेष्ठ वास्तुविशारद म्हटलं होतं. असेलही. पण दारावरच हे वाचून आत शिरलेला माणूस प्रत्येक रेघ थोरपणाचा पुरावा म्हणूनच पाहणार. आम्हाला तसं नको होतं. ज्या रेघेने काम झालं नाही तिलाही आम्हाला भिंत द्यायची होती.

प्रक्रियेच्या प्रदर्शनात सर्वांत मोठा धोका असतो तो क्रमाचा. डावीकडे पहिलं स्केच, मग दुसरं, मग मॉडेल, मग नकाशे, आणि उजव्या टोकाला झगझगीत फोटो. पाहणारा डावीकडून उजवीकडे चालत जातो आणि बाहेर पडेपर्यंत त्याची खात्री पटलेली असते की हे असंच होणार होतं. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. 1957 मध्ये स्पर्धेचा निकाल लागला, 233 प्रवेशिकांतून यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुविशारदाची निवड झाली. त्याची ड्रॉइंगं इतकी प्राथमिक होती की छताच्या कवचांचा आकार हाताने ओढलेला होता, त्याला भूमितीचा आधार नव्हता. प्रत्येक कवचाची वक्रता वेगळी. ते बांधायचं कसं हे ठरायच्या आत, मार्च 1959 मध्ये, राजकारण्यांच्या घाईमुळे खालच्या चौथऱ्याचं काम सुरूसुद्धा झालं. छताचं वजन नक्की झालं तेव्हा कळलं की चौथऱ्यातले खांब ते पेलायला पुरे पडणार नाहीत, आणि खांब फोडून पुन्हा बांधावे लागले. इकडे ओव्ह अरुप यांच्या कचेरीतले इंजिनिअर आणि उत्झन मिळून आकारामागून आकार तपासत होते. पॅराबोला झाला, लंबगोल झाला; डझनभर पर्याय झाले. 1961 मध्ये तोडगा निघाला: सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची, त्रिज्या सुमारे 75 मीटर. सगळीकडे वक्रता एकच, त्यामुळे छताच्या फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून जागेवर ओतून काढता येऊ लागले.

आज ही गोष्ट कशी सांगतात? गोल सुचला, प्रश्न सुटला. काचेच्या पेटीत एक गोल आणि त्यातून निघालेली कवचं ठेवली की मूलसुद्धा समजून जातं. ती पेटी सुंदरच दिसते, पण त्याआधीची चार वर्षं तिने गिळून टाकलेली असतात. शिवाय गोलाची कल्पना आधी कुणाची, उत्झनची की अरुपच्या माणसांची, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. परीक्षक ईरो सारिनेन यांनी उत्झनची प्रवेशिका नाकारलेल्या ढिगातून वर काढली, ही दुसरी लाडकी गोष्ट. तिच्याबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या हातात असतं तर बाद झालेल्या लंबगोलांना मी मोठी भिंत दिली असती आणि गोलाला कोपरा. उत्झनने फेब्रुवारी 1966 मध्ये काम सोडलं, 1973 मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा तो हजर नव्हता आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. अंदाज होता 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च झाला 10 कोटी 20 लाख. हे आकडेही प्रक्रियेतलेच आहेत; ते वेगळ्या, 'वादविवाद' नावाच्या खोलीत ढकलायचे नसतात.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. कांचनजंगाची प्रक्रिया मांडायची म्हटल्यावर आम्ही इमारत बाजूला ठेवली आणि प्रश्न शोधला. तो कोरियांनी स्वतःच अनेकदा लिहून ठेवला आहे, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणालाही तो पटेल. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला. पूर्वेला बंदर, तिकडचा देखावाही चांगला. म्हणजे घर पूर्व-पश्चिम उघडं हवं. पण दुपारनंतरचं रणरणतं ऊन पश्चिमेचंच, आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जे हवं तेही त्याच दिशेने येतं, जे नको तेही. जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर काढलं होतं: राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा. ऊन व्हरांड्यात थांबतं, पाऊस व्हरांड्यात सांडतो, वारा तेवढा आत येतो. संध्याकाळी माणसंही व्हरांड्यातच येऊन बसतात. प्रश्न एवढाच की हा व्हरांडा 28 मजल्यांच्या मनोऱ्यात कसा न्यायचा?

कोरियांनी हे उत्तर एका झटक्यात काढलं नाही, आणि नेमकं तेच आम्हाला दाखवायचं होतं. 1960 च्या दशकातल्या मुंबईतल्या सोनमर्ग अपार्टमेंट्समध्ये त्यांनी राहत्या खोल्यांच्या बाहेरून व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरं यांचा एक पट्टा गुंफला होता. मूळ तत्त्व बंगल्याचंच, इमारत बहुमजली. कांचनजंगाचं काम 1970 मध्ये सुरू झालं आणि 1983 मध्ये संपलं. तिथं पट्टा गेला आणि त्या जागी आली कोपऱ्यात कोरलेली दोन मजले उंच गच्ची. मनोरा 21 मीटर बाय 21 मीटरचा, उंची 84 मीटर, घरं 32, तीन शयनगृहांपासून सहापर्यंत चार प्रकारची. खालून पाहताना जे मोठमोठे चौकोनी खाचे दिसतात ते म्हणजे बंगल्याचा व्हरांडा. फक्त तो एका जागी गोळा करून घराच्या कोपऱ्यात बसवला आहे.

प्रदर्शनात या भागासाठी आम्ही एक टेबल केलं आहे, आणि या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं त्यानेच खाल्ली आहेत. टेबलाच्या मधोमध फिरती चकती, वर हलवता येणारा एक दिवा. चकतीवर एका मजल्याची पांढऱ्या माउंट बोर्डाची मॉडेलं एकामागून एक ठेवायची. पहिलं मॉडेल बिल्डरच्या नेहमीच्या फ्लॅटचं: बाहेर 1.2 मीटरची बाल्कनी. दिवा पश्चिमेला नेऊन क्षितिजापासून 30 अंशांवर आणायचा. मुंबईत मार्च महिन्यात सूर्य साडेचार-पावणेपाचच्या सुमाराला एवढा खाली आलेला असतो. उघडी जागा 2.5 मीटर उंच असेल तर ऊन 4.3 मीटर आत शिरतं. बाल्कनी त्यातलं 1.2 मीटर अडवते. बाकीचं तीन मीटर ऊन दिवाणखान्यात, थेट सोफ्यावर. पाहुण्याला हे आकडे वाचायची गरज नाही. मॉडेलमध्ये सोफ्यावर पडलेला उजेड दिसतो. मग सलग पट्ट्याचं मॉडेल ठेवायचं. ऊन अडतं, पण चारही बाजूंचा पट्टा घराची इतकी जागा खातो की आत खोल्या अंधाऱ्या आणि अरुंद होतात, आणि ही जागा घरमालकाने चौरस फुटाच्या भावाने विकत घेतलेली असते. मग कोपऱ्यातल्या एक मजली गच्चीचं मॉडेल: गच्ची पुरेशी खोल आहे, पण गुहेत बसल्यासारखं वाटतं. शेवटी दोन मजली गच्ची.

इथं एक गंमत आहे, आणि ती लपवायची नाही असं आम्ही ठरवलं. दोन मजले उंच गच्चीत ऊन जास्त खोल येतं, कमी नाही. उंची दुप्पट झाली की 30 अंशांच्या उन्हाची धावही दुप्पट होते. म्हणजे दोन मजली गच्ची केवळ उन्हापासून आडोसा म्हणून समजावून सांगता येत नाही. तिथं झाडं लावता येतात, आकाश दिसतं, वरच्या पातळीवरून खाली पाहता येतं. उन्हाचं गणित सोडून दुसरं काहीतरी त्या निर्णयात शिरलेलं आहे. 'हवामानामुळे असा आकार' हे वाक्य कांचनजंगाबद्दल सर्रास लिहिलं जातं. दिवा हातात घेऊन पाहिलं की ते अर्धंच खरं निघतं. आणखी एक: मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला मुंबईत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि त्यामधल्या काळात तो चक्क उत्तरेला असतो. उत्तरेची बाजू नेहमी थंड, हे पुस्तकातलं वाक्य या शहरात उन्हाळ्यात खोटं ठरतं. दिव्याचं टेबल तेही दाखवतं.

ही मॉडेलं कोरियांच्या कचेरीतली नाहीत, आमची आहेत. प्रत्येकाखाली तशी पाटी आहे, आणि ती बारीक टायपात नाही. मूळ ड्रॉइंगं का मागवली नाहीत, असं बरेच जण विचारतात. जुना कागद भिंतीवर लावायचा म्हणजे उजेड 50 लक्सच्या वर न्यायचा नसतो, दमटपणा काबूत ठेवायचा असतो, विमा उतरवायचा असतो, पहारा ठेवायचा असतो. नगरपालिकेच्या सभागृहात, जिथं पंखे फुल स्पीडवर आणि खिडक्या उघड्या, तिथं हे व्हायचं नाही. पण माझ्या मते ही अडचण आमच्या पथ्यावरच पडली. मूळ कागद हाती असले की प्रदर्शन त्या कागदांभोवती फिरू लागतं; सही कुठंय, तारीख काय, हे बघताना प्रश्न मागे पडतो. कागद नसल्यामुळे आम्हाला प्रकाशित नकाशांवरून सगळं नव्याने काढावं लागलं, आणि प्लॅन पुन्हा काढताना प्रत्येक भिंतीपाशी थांबून 'ही इथंच का?' असं विचारावंच लागतं. हे नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे यातले काही वाद पुस्तिकेत जसेच्या तसे छापले आहेत. भाषा थोडी सौम्य केली आहे.

तरी खऱ्या कागदाचा स्पर्श नसेल तर प्रक्रिया कोरडी राहते, म्हणून एक पेटी ठेवली आहे. तिच्यात कुणा नामवंताचं काही नाही. मुंबईतल्या एका बंद झालेल्या छोट्या कचेरीतून रद्दीत चाललेली ड्रॉइंगं आहेत, मालकांच्या परवानगीने घेतलेली: सोसायट्यांचे नकाशे, एका शाळेचा जिना, पाण्याची टाकी. ती जवळून बघा, घाई करू नका. ट्रेसिंग पेपरवर शाईने ओढलेली रेघ चुकली की ती ब्लेडने खरवडायची. खरवडलेल्या जागी कागद पांढुरका आणि केसाळ होतो, आणि पुन्हा शाई लावली की ती तिथं पसरते. म्हणून कसलेला ड्राफ्ट्समन खरवडल्यावर ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायचा. ज्या शीटवर असे पांढरे डाग जास्त, तिथं विचार जास्त बदलला. जिन्याच्या शीटवर उतरण्याच्या जागेपाशी कागद जवळजवळ फाटायला आलाय. अमोनिया प्रिंट सोबत ठेवल्या आहेत. निळ्या रेघा उडून फिक्या जांभळ्या झाल्यात, वास मात्र मेला आता येत नाही. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना तो आठवेलच.

त्या शीट्सच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. वास्तुविशारदाचं नाव ठळक. खाली, कोणी काढलं, कोणी तपासलं, यासाठी दोन लहान रकाने, त्यात आद्याक्षरं. त्याच्या वर दुरुस्त्यांचा तक्ता: ए, बी, सी, डी, समोर तारीख आणि एका ओळीत कारण. 'मालकांच्या सूचनेनुसार.' 'महापालिकेच्या शेऱ्यानुसार.' 'बीमची खोली वाढवली.' आमच्या मते कुठल्याही इमारतीचं सर्वांत प्रामाणिक चरित्र या तक्त्यात असतं. त्यात प्रतिभा, प्रेरणा असले शब्द कधीच नसतात. प्रदर्शनासाठी आम्ही एका शीटचा हा तक्ता दरवाजाएवढा मोठा छापून घेतला आहे. फ्लेक्सवाल्याने दोनदा विचारलं, 'साहेब, नक्की एवढाच भाग?'

आद्याक्षरांवरून नावांचा विषय निघतो. कांचनजंगाबद्दल लिहिताना एकच नाव येतं. खरं पाहता त्या कामात प्रविणा मेहता या वास्तुविशारद सहभागी होत्या, आणि सांगाड्याची रचना शिरीष पटेल यांच्या कचेरीची, ज्यांनी 1965 मध्ये केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल केला होता. मनोऱ्याचा कोपरा म्हणजे साधारणपणे जिथं खांब हवाच अशी जागा. कांचनजंगात कोपरेच रिकामे. मग भार जायचा कुठं? मधल्या गाभ्यात, आणि गच्च्या 6.3 मीटर बाहेर झेपावतात. व्हरांडा कोपऱ्यात न्यायचा हा 'वास्तुकलेचा' निर्णय आणि गाभ्याने भार घ्यायचा हा 'इंजिनिअरिंगचा', अशी वाटणी करताच येत नाही. एक झाल्याशिवाय दुसरा होतच नाही. म्हणून आम्ही रचनेसाठी वेगळा विभाग केलेला नाही. दिव्याच्याच टेबलावर शेजारी तारेचं एक मॉडेल आहे, त्याचा कोपऱ्यातला खांब काढता येतो. काढून बघा, गाभा पुरेसा जाड नसेल तर ते वाकतं.

हीच तीन माणसं, कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल, 1965 मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात एक वेगळाच प्रस्ताव घेऊन आली होती: मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वाढू द्या. त्यातूनच नवी मुंबई आली. ती वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया काही वर्षं तिचे मुख्य वास्तुविशारद होते. म्हणजे पेडर रोडवरच्या सर्वांत महागड्या घरांपैकी काही काढणारे हात त्याच काळात मोठ्या संख्येने लोकांना जागा कशी मिळेल याचाही विचार करत होते. हे विसंगत वाटतं ना? आम्हालाही वाटलं. म्हणूनच प्रदर्शनाची दुसरी खोली बेलापूरची आहे.

बेलापूरची वसाहत 1983 ते 1986 या काळात उभी राहिली. तिथला प्रश्न असा: बैठ्या घरांतूनही दाट वस्ती होऊ शकते का, आणि प्रत्येक घराला स्वतःचं आकाश मिळू शकतं का? उत्तराची सुरुवात सात घरांपासून होते. सात घरं एका 8 मीटर बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती. अशी तीन झुबकी मिळून 21 घरांचा गट, मधे 12 बाय 12 मीटरची मोकळी जागा. असे तीन गट मिळून पुढचं, 20 बाय 20 मीटरचं मैदान. हे चढत जाणारं गणित कागदावर फार देखणं दिसतं, आणि म्हणून आम्ही ते कागदावर कमी आणि जमिनीवर जास्त मांडलं आहे. सभागृहाच्या फरशीवर पांढऱ्या टेपने 8 बाय 8 चं अंगण खऱ्या मापात आखलं आहे. बहुतेक लोक आत उभे राहून म्हणतात, 'एवढंसंच?' मग सात कुटुंबांतली मुलं, दोन सायकली, एक तुळशीवृंदावन आणि वाळत घातलेले पापड असं एकेक त्यात कल्पून बघतात, आणि मत बदलतं. कधी उलट दिशेनेही बदलतं.

या आराखड्यातला सर्वांत शहाणा निर्णय फोटोत दिसत नाही. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरच्या दरम्यान होते; लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या भूखंडातला फरक मुद्दाम कमी राखला होता, उत्पन्नांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असूनही. दुसरं म्हणजे घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत. शेजाऱ्याची भिंत आपली नाही, त्यामुळे घर वाढवायचं झालं तर कुणाला विचारायला जायला नको. बांधकामही गवंडी सहज करू शकतील असं साधं. म्हणजे आराखडा काढतानाच त्यात गृहीत धरलं होतं की हा आराखडा बदलला जाणार आहे. वास्तुविशारदाने ड्रॉइंगवर सही केली तरी प्रक्रिया तिथं संपली नाही. ती रहिवाशांच्या हाती गेली.

आणि रहिवाशांनी ती मनापासून पुढे नेली. एक खोली वाढली, जिना बाहेर आला, अंगणावर पत्रे चढले. पुढे पुष्कळांनी मूळ घर पाडून दोन-तीन मजली काँक्रीटचं घर बांधलं. मूळ उतरत्या छपरांची घरं आज शोधावी लागतात. वास्तुकलेचे अभ्यासक ती पाहायला येतात आणि हळहळतात. मला त्यांची हळहळ पूर्णपणे पटत नाही. वाढणारं घर म्हणून दिलं आणि ते वाढलं, यात फसवणूक कसली? दुसऱ्या बाजूने, सात घरांमधलं अंगण जिथं गाड्यांनी भरून गेलंय तिथं उभं राहिलं की आराखड्यातलं काहीतरी हरवल्याची चुटपूट लागतेच. आमच्या गटात यावर दोन तट पडले आणि ते अजून तसेच आहेत. एका तटाचं म्हणणं, आजची घरं प्रदर्शनात आणूच नयेत, ती कोरियांची नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, प्रक्रिया दाखवायची म्हणता आणि 1986 ला पडदा पाडता?

दुसऱ्या तटाची सरशी झाली, त्यातही एका अटीवर: आजचे फोटो 'आधी' आणि 'नंतर' अशा जोड्यांनी लावायचे नाहीत. तशा जोड्या लावल्या की पाहणारा न विचारता न्यायाधीश होतो, आणि निकाल नेहमी 'आधी'च्या बाजूने लागतो. त्याऐवजी ज्या रहिवाशांनी दार उघडलं त्यांची घरं विद्यार्थ्यांनी टेप धरून मोजली आणि त्यांचे प्लॅन आणि सेक्शन काढले, मूळ घरांचे काढले होते तसेच, त्याच जाडीच्या रेघांनी. नावं आणि घर क्रमांक गाळले आहेत. एका काकूंनी मोजायला आलेल्या मुलांना सुनावलं होतं की खिडकी कुठं ठेवायची हे त्यांनी कुठल्याही कॉलेजात न शिकता ठरवलं, आणि वारा बरोबर येतो. त्यांच्या खिडकीसमोर दिवा ठेवून पाहिला. पश्चिमेचं ऊन त्यांनी शेजारच्या भिंतीच्या सावलीत बरोबर अडवलं आहे. ते मॉडेल पहिल्या खोलीतल्या टेबलावर, कांचनजंगाच्या गच्चीशेजारी आहे.

मांडणीबद्दल थोडक्यात. पॅनलं सनबोर्डवर आहेत, कारण प्रदर्शन गावोगावी जायचं आहे आणि टेम्पोत लाकडी चौकटी टिकत नाहीत. चित्रांचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर आहे, संग्रहालयांत असतो त्याहून जरा खाली. शाळेतली मुलं येतात आणि त्यांना कडेवर घेणारं कुणी नसतं. पाट्या मराठीत आहेत आणि कोणतीही पाटी साठ शब्दांच्या पुढे जात नाही. प्लॅन आणि सेक्शन वाचता येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी दाराशीच एक कापता येणारं मॉडेल आहे: एक छोटं घर, त्याचं छप्पर उचललं की प्लॅन, मधून उघडलं की सेक्शन. ते आधी हाताळा, मग आत जा. मोडलं तरी चालेल, पाच मिनिटांत चिकटवता येतं.

पुस्तिकेत पुढे कांचनजंगाच्या टेबलाची मापं, दिव्याचे कोन आणि मॉडेलांचे साचे दिले आहेत, जेणेकरून कुठल्याही शाळेला ते टेबल स्वतः करता यावं. कोन मात्र आपापल्या गावाच्या अक्षांशानुसार बदलावे लागतील, सोलापूरला मुंबईचा दिवा चालणार नाही. त्यानंतर बेलापूरचे नकाशे आहेत, सगळे 1:50 या एकाच मापात: मूळ घर प्रकाशित नकाशावरून पुन्हा काढलेलं, आणि त्याखाली मोजलेली आजची घरं. प्रत्येकाखाली एकसारखाच मजकूर आहे: भूखंड किती चौरस मीटर, राहतात किती माणसं, कुणी आखलं, कुणी बांधलं, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या साली झाली.